लाकडी विमानाच्या खिडकीतले ढग

मित्रांनो, मी एक जुने लाकडी विमान आहे. हसू नका. लंडनहून थेट आफ्रिका गाठणारे जेट विमान धातूत घडवण्याआधी त्याच्याच मापाचे लाकडी विमान बांधतात. बड्या साहेबांना आत बसून नाके मुरडता यावीत म्हणून! तो मी.

एनोक सुताराने मला बांधले. त्याची बायको हिल्डा हिने खुर्च्यांचे कापड शिवले, खिडक्यांबाहेर निळ्या कागदावर रंगवलेले ढग लावले. प्रवासी नेणाऱ्या विमान कंपनीने आमच्या कारखान्याची विमाने विकत घेतली, तर पहिल्या विमानातून कामगारांना एक फेरी मिळणार होती. हिल्डाने डावीकडची खिडकी तेव्हाच धरून ठेवली.

"तू वाटेकडच्या खुर्चीत बस हं, एनोक. तुला उलटी होते."

"ती बसमध्ये गं. विमानात कुठे होते?"

"बसलायस कधी?"

मग त्या विमान कंपनीचे सर लायनेल पोट सावरत आले. जिनचा पेला हातात धरून म्हणाले, "आमच्या आफ्रिकेतल्या धावपट्ट्या आखूड. तिथून उडेल असंच बनवा." आमच्या शहाण्यांनी माना डोलावल्या. पंख वाढवले, इंजिने दांडगी केली. उद्या धावपट्ट्याच लांब केल्या तर, असे विचारायची कुणाची छाती झाली नाही. साहेबाला उलटे विचारणे म्हणजे असभ्यपणा!

धावपट्ट्या लांब झाल्या. सर लायनेल परत आले.

"फार इंधन पितं हो हे. आम्ही अमेरिकन विमानं घेतोय."

"मापं तुम्हीच दिली होती, साहेब," एनोक म्हणाला.

"दिली असतील बुवा." आणि त्यांनी हिल्डाने शिवलेल्या कापडावर सिगार विझवली. असल्यांना मोठी माणसे म्हणतात!

धातूचे विमान झालेच नाही. त्याच हिवाळ्यात हिल्डा छातीच्या दुखण्याने गेली.

मला मोडायचा हुकूम सुटला. एनोक करवत घेऊन आला, पण आधी वाटेकडच्या खुर्चीत बसला. खिडकीजवळची मोकळी ठेवली.

"लागले बघ ढग," तो म्हणाला. "आणि मला काही उलटीबिलटी होत नाहीये."

त्याने ती एक खिडकी घरी नेली. आता मी तेवढाच उरलो आहे, त्याच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असे शेवटी सांगायची रीत आहे. माझी कसली निगा? बाकीचा मी केव्हाच चुलीत गेलो. पण तुमच्या घरात कुणी खिडकीची जागा धरून बसले असेल, तर त्याला आजच फिरवून आणा. साध्या बसने न्या. साहेबांच्या होकारावर थांबू नका.