परक्या वाढदिवसांची सुरी

मी सुरी बोलतेय. दचकू नका, मी आजवर कुणाचं बोटसुद्धा कापलेलं नाही. केक कापायची सुरी मी. मुठीला गुलाबी रिबीन आणि मुक्काम गोव्यात, डिचोलीतल्या मुलींच्या आश्रमात, अर्चनाबाईंच्या कपाटात. बाई इथल्या अधीक्षक.

डिचोलीच्या बाजारात मी एका भांड्यांच्या दुकानात टांगलेली होते. गोकुळदासशेठनी मला विकत घेतलं आणि मुलाच्या, प्रज्योतच्या, केकबरोबर आश्रमाला देऊन टाकलं. शेठ खनिजाच्या ट्रकांवर मोठे झालेले. पुढे खाणी बंद पडून ट्रक थांबले, पण दानत थांबली नाही. दरवर्षी प्रज्योतचा वाढदिवस इथेच. त्यांचं बघून आणखीही लोक आपापली मुलं आणि केक घेऊन येऊ लागले.

रीत ठरलेली. फोटोला लहान मुली पुढे, मोठ्या मागे. पंधरा-सोळाच्या मुलीला बघून पाहुण्यांना गहिवर येत नाही. मागच्या रांगेतल्या सिद्धीला मात्र काम होतं. माझं पातं आपल्या हातात धरून मूठ पाहुण्यांच्या मुलापुढे करायची, मग उरलेला केक कापून सगळ्यांना वाटायचा. तिच्या वाट्याला पुठ्ठ्याला चिकटलेला यायचा.

गेल्या वर्षी शेठ मुलींना सांगत होते, "संकटं येतातच. खचून जायचं नाही!" तेवढ्यात प्रज्योतने भोकाड पसरलं. चौदा वर्षांचा घोडा, पण केक चॉकलेटचा नाही, अननसाचा निघाला! शेठ भाषण सोडून बेकरीला फोन लावू लागले. शेवटी सिद्धीच पुढे झाली. "रडू नको रे. अननसाचोय बरो लागता, खाऊन बघ."

त्या दिवशी तिचाही वाढदिवस होता. दरवर्षीच असतो. लहानपणी ती पेडण्याच्या बसस्टँडवर सापडली, तेव्हा डॉक्टरांनी दात बघून वय लावलं आणि एका साहेबांनी सुचेल ती तारीख दिली. ती नेमकी प्रज्योतची निघाली. पण आश्रमातल्या मुलींना केक आणायची पद्धत नाही. "एकीला आणला की सगळ्यांना आणावा लागेल," असं अर्चनाबाई म्हणतात. बाई वाईट नाहीत, फक्त घाबरट आहेत.

यंदा त्याच तारखेला सिद्धीला अठरा पूर्ण झाली. म्हणजे दुसऱ्या दिवशी आश्रम सोडायचा. साहेबांनी अंदाजाने दिलेली तारीख घर काढून घेताना मात्र अगदी पक्की ठरली. पेडण्यात शिवणकामाची नोकरी आणि एक खोली मिळाली होती. मला एकच रुखरुख लागली होती, की हिच्या नावाचा केक कापल्याशिवायच ही इथून जाणार.

संध्याकाळी मुली रांगेत उभ्या राहिल्या. बेकरीतून प्रज्योतच्या नावाचा केक आला. मग शेठचा फोन आला. प्रज्योत यायला तयार नव्हता, त्याला मित्रांबरोबर हॉटेलात जायचं होतं. "मुलींना वाटून टाका," शेठ म्हणाले.

"काप गं सिद्धी," अर्चनाबाई म्हणाल्या.

पुढच्या रांगेतली गंगा एकदम बोलली, "बाई, आज सिद्धीताईचोय वाढदिवस आसा!"

बाईंनी स्वतःच मेणबत्ती लावली. मुलींनी गाणं सुरू केलं. सिद्धीने सवयीने माझं पातं हातात धरलं, मूठ पुढे केली आणि तशीच थांबली. घ्यायला समोर कोणीच नव्हतं.

"ताई, तूच काप गो!"

"माका खंय येता?" ती म्हणाली.

इतकी वर्षं केक कापून वाटणारी म्हणे, मला कुठे येतं! सगळ्या खो खो हसल्या. तीही हसली आणि हसता हसता रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. मग तिने मला फिरवलं, मूठ धरली आणि प्रज्योतच्या नावावरून मला सरळ खाली नेलं. माझ्या जन्माचं सार्थक झालं.

सकाळी ती पेडण्याच्या बसमध्ये बसली. मी पुन्हा कपाटात. पातं धरायला आता मागच्या रांगेतली सेजल शिकतेय.

तुम्ही केक घेऊन जरूर या. भाषणही करा, मुलींना त्याची सवय आहे. फक्त एखादी मोठी मुलगी माझी मूठ पुढे करेल, तेव्हा ती घेण्याआधी विचारा, "बाय, तुझा वाढदिवस कधी?" ती जर "आजच" म्हणाली, तर मला फिरवून मूठ तिच्याच हातात द्या.