शनिवारची बाई

"जातेस, की बखोट धरून बाहेर काढू?" थोरल्या नणंदेने टॉवेलची पिशवी तिच्या हातात कोंबली. "आई माझीपण आहे म्हटलं. दुपारभर सांभाळीन मी."

तिचा पाय निघत नव्हता. सासूबाईंना विसर पडायला लागला तशी तिने टेलरच्या दुकानातली नोकरी सोडून मशीन घरीच मांडलं होतं. नवरा ट्रक घेऊन सदा बाहेरगावी. पोहायला शिकायची हौस तर केव्हाच गुंडाळून ठेवलेली. नणंदेला ते कुठून आठवलं कोण जाणे. तिने परस्पर पोहण्याच्या तलावावर भावजयीचं नाव घातलं आणि दवाखान्यातली ड्यूटी बदलून हजर झाली.

"अंग सोडा हो," तलावावरची शिकवणारी म्हणाली. "मी धरलंय ना खालून."

अंग सोडायचं कसं, हेच ती विसरली होती. दोनदा नाकातोंडात पाणी गेलं. तिसऱ्यांदा मान मागे टाकली, कान बुडाले आणि सगळे आवाज एकदम थांबले. ती तरंगत होती. शिकवणारीने हात कधीच काढून घेतला होता. तिला हसू फुटलं आणि ती पुन्हा गटांगळी खाऊन वर आली.

ओल्या केसांनीच ती धावतपळत घरी आली. घरात सासूबाईंचा आवाज नव्हता. नणंद स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून भांडी घासत होती. डोळे लाल झालेले.

"काय झालं, ताई? त्रास दिला का त्यांनी?"

"छे गं! शहाण्यासारखं जेवली, वेणी घालून घेतली. मला कामाची बाई समजली, एवढंच." नणंदेने मनगटाने नाक पुसलं. "दुपारभर तुझं कौतुक चाललं होतं. आमची सून अशी, आमची सून तशी. ती आहे म्हणून मी आहे, म्हणे."

इतक्या वर्षांत सासूबाईंची मजल 'बरं झालंय'च्या पुढे कधी गेली नव्हती. पण समोर त्यांची पोटची लेक उभी होती.

"आणि तुम्हाला काय म्हणाल्या?"

"तुला आई आहे का गं, विचारलं. म्हटलं, आहे." नणंदेने नळ बंद केला. "तर म्हणाली, मग भेटत जा तिला."

तिने नणंदेचे साबणाचे हात तसेच घट्ट धरले. "ताई, तुमचे उपकार..."

"गप. पुढच्या शनिवारी वेळेवर तयार राहा."

निघताना नणंद खोलीच्या दारात थांबली. सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या.

"येते हं, आई."

सासूबाईंनी हसून मान डोलावली. नणंद गेल्यावर सुनेला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "लाघवी आहे हो पोरगी. पहिल्याच दिवशी आई म्हणाली मला."