कौशल्याबाईंची दारूगोळ्याची पेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मी स्वभावाने चांगली नाही. छत्री, फळा, दप्तर यांची आत्मवृत्ते तुम्ही शाळेत लिहिली असतील. ती मंडळी फार समजूतदार असतात. मी डूख धरते.

एकाहत्तर साली खडकीच्या कारखान्यात तोफगोळे ठेवण्यासाठी मला बनवले. जाड फळ्या, दोन्ही बाजूंना दोराचे कान, पुढे लोखंडी कडी, अंगावर शेवाळी रंग. पण तपासनीसाला माझा एक कान दुसऱ्यापेक्षा खाली दिसला आणि त्याने खडूने माझ्यावर फुली मारली. माझ्या बहिणी लढाईवर गेल्या, मी भंगारात गेले. त्या तपासनीसाचे नाव मला कळले असते, तर आजही मी त्याचा शोध घेतला असता. भंगाराच्या ढिगातून मला शांतवन साळवे या कामगाराने उचलले आणि सायकलला बांधून क्वार्टरवर नेले.

त्याची बायको कौशल्याबाई. तिने माझ्यावर पांढरा विणलेला रुमाल घातला, पोटात धर्मपुस्तके ठेवली आणि मला भिंतीशी लावले. रोज सकाळी कारखान्याचा भोंगा होण्याआधी ती गोणपाटावर गुडघे टेकी, कोपरे माझ्यावर ठेवी आणि शेजारणीशी बोलावे तशी देवबापाशी बोले. कुणाचा खोकला, कुणाची परीक्षा, नळाला पाणी आले त्याबद्दल आभार. सगळ्यात जास्त बोले ती दुसऱ्यांना क्षमा कर म्हणून. शेजाऱ्याने भांडून आमची मोगऱ्याची कुंडी फोडली, तर हिने त्याच्यासाठी प्रार्थना केली. तो शेजारी घरी आला तेव्हा मी त्याचा सदरा कडीत अडकवून टरकावला. क्षमा हे तिचे काम. मला आत्मा नाही, न्यायाच्या दिवसाची भीती नाही, म्हणून सूड मी माझ्याकडे घेतला.

नव्व्याण्णव साली शांतवनला छातीचे दुखणे जडले. त्यांचा मुलगा तेजस तेव्हा सतरा वर्षांचा होता. चाळीस दिवस तोही आईशेजारी गुडघे टेकून बसला. शांतवन गेला. त्या दिवशी तेजस उठला तो पुन्हा गुडघ्यावर आला नाही.

"आई, कुणी ऐकत नाही. भिंतीशी बोलतेस तू," तो म्हणाला.

"मग भिंतीशी तरी बोलू दे, बाळा," ती म्हणाली.

त्याच्या रागाचे मला काही वाटले नाही. राग मला कळतो. पण पुढे त्याने आईचे हसे केले, ते मी विसरणार नव्हते.

तेजस इंजिनिअर झाला, हिंजवडीच्या एका कंपनीत लागला, जवळच फ्लॅट घेतला. आईबरोबर मीही तिथे आले. एका शनिवारी त्याचे मित्र जमले. सुदर्शन नावाच्या मित्राने थंड पेयाची ओली बाटली थेट माझ्यावर ठेवली आणि विचारले, "हे काय अँटिक?"

"हा आईचा हेल्पडेस्क," तेजस म्हणाला. "रोज तक्रारीचं तिकीट टाकते. आजवर एकही क्लोज झालं नाही."

सगळे खो खो हसले.

"काकू, एस्केलेट करा ना! म्हणजे, वरच्या साहेबाला सांगा," सुदर्शन म्हणाला.

"त्याच्यावर साहेब नाही रे बाबा," कौशल्याबाई म्हणाली आणि चकल्यांची ताटली भरून आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्या पोरांच्या सुखासाठी प्रार्थना केली. माझे लोखंड तापले. सोमवारी परदेशी पाहुण्यांसमोर जायच्या घाईत तेजस माझ्याजवळून गेला, तेव्हा मी त्याची नवी पँट गुडघ्यापासून खाली फाडली. ही नुसती सुरुवात होती.

आमच्याकडे दर गुरुवारी दुपारी चर्चच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थनासभा भरे. ज्याला काही मागायचे असेल त्याने चिठ्ठी लिहून माझ्या झाकणाच्या फटीतून आत टाकायची, नाव घातले नाही तरी चाले. गुरुवारी झाकण उघडायचे, एकेकीने चिठ्ठी उचलून मोठ्याने वाचायची आणि सर्वांनी मिळून प्रार्थना करायची.

मग मंदी आली. एका सकाळी कौशल्याबाई अंघोळीला गेली असताना तेजस माझ्याजवळ आला. इकडेतिकडे पाहिले, ऑफिसातल्या पिवळ्या चिटोऱ्यावर काही लिहिले आणि फटीतून आत सरकवले. नंतर गळ्यात कंपनीचे कार्ड अडकवून, डबा घेऊन, रोजच्यासारखा बाहेर पडला. चिठ्ठीत लिहिले होते, 'एकाची नोकरी गेली आहे. दुसरी मिळेपर्यंत त्याच्या आईला कळू नये.'

मित्रांनो, मला झालेला आनंद मी काय सांगू! हसणाऱ्यानेच तिकीट टाकले होते! त्याने असे का केले, सांगायला दुसरे कुणी उरले नव्हते का, याच्याशी मला कर्तव्य नव्हते. झाडताना मला जरा हलवले की मी ती चिठ्ठी थोडी वर सरकवी. गुरुवारपर्यंत ती सर्वांत वर होती. आठ बायकांसमोर वाचली गेली की संध्याकाळपर्यंत खडकीपासून हडपसरपर्यंत बातमी जाणार होती.

पण पहिला हात आत आला तो कौशल्याबाईचा. स्वयंपाकघरातून तशीच आली होती, अंगठ्याला हळद होती. मुलाचे अक्षर तिने ओळखले. तिने चिठ्ठीची घडी घातली.

"वाचा की मोठ्यानं," महिला मंडळाच्या अध्यक्षा चंपाबाई म्हणाल्या.

"याच्यासाठी मी एकटी प्रार्थना करीन."

"अहो, असं कसं चालेल? विषय सगळ्यांपुढे यायला हवा."

"या वेळी चालेल," कौशल्याबाई म्हणाली आणि चिठ्ठी माझ्या पोटातल्या धर्मपुस्तकाखाली ठेवून दिली. चंपाबाई रागाने चहा न घेताच गेल्या.

चार महिने! चिठ्ठीत देवाकडे जे मागितले होते, ते या बाईने स्वतःच्या अंगावर घेतले. खोटे तिला बोलता येत नसे, म्हणून तिने विचारणेच सोडले. उशीर का झाला, चेहरा का उतरला, काही नाही. चंपाबाईंनी फोन केला, "तेजसच्या कंपनीतून माणसं काढली म्हणे?" तर म्हणाली, "त्यालाच विचारा." डब्यात मात्र एक पोळी जास्त घाले, कारण दिवसभर वणवण करणाऱ्याला भूक लागते. सकाळी माझ्यावर डोके ठेवून रडे, तोंड धुई आणि गाणे म्हणत कणीक मळायला लागे. मी कडी वाजवून वाजवून थकले. एकदा तरी त्याला म्हण, बाई! आईच्या हेल्पडेस्कची आठवण झाली ना शेवटी, एवढेच म्हण!

ती म्हणाली नाही.

जूनमध्ये तेजसला हडपसरला नोकरी लागली. पेढे घेऊन आला आणि सगळे सांगून टाकले. मग माझ्यावरच बसला.

"एक सांगू, आई? हसू नकोस. तुझ्या या पेटीत मी चिठ्ठी टाकली होती, तुला कळू नये म्हणून. आणि खरंच नाही कळलं तुला. म्हणजे... ऐकतं कुणीतरी."

हळदीचा अंगठा उमटलेली ती चिठ्ठी त्याच्याच खाली होती. झाकण उघडायला मी सगळा जोर लावला, पण वर सत्तर किलोचा तेजस होता.

"मी कधीची सांगतेय," कौशल्याबाई म्हणाली. "ऊठ, हात धू, जेवायला बस."

मला वाटले, आता तरी ही मनात हसली असेल. पण दुसऱ्या सकाळी ती म्हणाली, "देवबापा, माझ्यासारख्या बडबडीचं तोंड चार महिने तू बंद ठेवलंस. माझ्याच्यानं होतं का ते?" ती अगदी मनापासून बोलत होती. अशा बाईपुढे माझ्यासारखीने करायचे तरी काय?

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. आमच्यावरची धूळ पुसा, बिजागरीला तेल द्या. तेजस मला आतून घासून रंग देणार म्हणतो आहे, त्याला कुणीतरी अडवा, नाहीतर पुस्तकाखालचे त्याच्या हाती लागेल. त्याच्याबद्दलचा राग मी सोडलेला नाही आणि ती चिठ्ठीही सोडलेली नाही. पण रोज सकाळी कौशल्याबाई त्याच्या नावाने माझ्यावर कोपरे टेकते, आणि तेवढा वेळ मी झाकण घट्ट मिटून धरते.