उत्तर सुचवायचं नाही

"तू तिकडे बघ," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली आणि तिने स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतला. "तुझ्या भावाची फाइल आहे. तू हात लावायचा नाहीस. तुझाच नियम!"

नियमबाईंनी मान वळवली खरी, पण जे बघायचं ते बघून झालं होतं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'फिट. मेंदूत पट्टकृमीच्या अळीची गाठ?' त्यांची नजर शेवटच्या त्या प्रश्नचिन्हावरच अडकली होती.

हॉस्पिटलच्या या नोंदणी खोलीत त्यांची हयात गेली. डॉक्टर जो आजार लिहितील त्याला ठरलेला कोड द्यायचा, एवढंच काम. पट्टकृमी, म्हणजे चपटा जंत, पोटात असला तर एक कोड, त्याची अळी मेंदूत जाऊन बसली तर दुसरा. "जंताने घर बदललं की त्याचाही पत्ता बदलतो," असं त्या नव्या मुलींना शिकवत आणि मुली खिदळत. पुढचे दोन नियम सांगताना मात्र त्या हसू देत नसत. प्रश्नचिन्हाचा आजार धरायचा नाही, खात्रीने लिहिलं असेल तेवढंच धरायचं. शंका आली तर डॉक्टरांना विचारायचं, पण उत्तर सुचवायचं नाही. "'अळीच आहे ना?' असं विचारलंत तर डॉक्टर घाईत 'हो हो' म्हणून मोकळे होतील. मग आजार पेशंटचा राहत नाही, तुमचा होतो." या खाक्यामुळेच त्यांना नियमबाई हे नाव पडलं होतं. त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही, उलट थोडं मिरवलंच.

आणि आता त्याच नियमाने त्यांच्या भावाच्या फाइलवर नुसती 'फिट' उरत होती.

भाऊ शाळेची बस चालवायचा. गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरात उभ्याउभ्या कोसळला, दातखीळ बसली. तेव्हापासून बस कंपनी आजाराच्या कोडचा कागद मागत होती. अळीचा कोड असेल तर औषधं घ्या, तपासणी करा, बरे झालात की या. नुसत्या फिटचा असेल तर गाडीला पुन्हा हात लावायचा नाही. अभ्यासात त्याचं डोकं कधी चाललं नाही, पण वळणावर मागच्या पोरांची मानसुद्धा हलणार नाही अशी गाडी चालवायचा. दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

"डॉक्टरांना विचारायला मी जाते," फाइलमधला डॉक्टरांचा कागद उचलून नियमबाई उठल्या.

"तू? अगं, सख्खा भाऊ तुझा!"

"म्हणूनच जाते."

मैत्रिणीने त्यांच्याकडे पाहिलं. "जा बाई. मी काही पाहिलं नाही."

बाहेर बाकावर भाऊ बसला होता. अंगात कामावरचा इस्त्रीचा शर्ट. कागद मिळाला की तसाच कंपनीत जाणार होता.

"झालं का गं ताई? माझ्या डोक्यात किडा आहे म्हणून लहानपणापासून ओरडायचीस. बघ, डॉक्टरांनाही पटलं शेवटी!"

"गप बस रे," त्या खेकसल्या आणि लगेच वाईट वाटून झपझप पुढे गेल्या.

डॉक्टर कोवळाच होता. पुढ्यात डबा उघडा, घास हातात.

"सर, फिटच्या पेशंटच्या फाइलवर प्रश्नचिन्ह आहे. त्याबद्दल विचारायचं होतं."

"हां, तो ड्रायव्हर. स्कॅनमध्ये ठिपका दिसतोय. अळी असेल, दुसरंही काही असेल. काही महिन्यांनी परत स्कॅन काढल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही." त्याने पाण्याचा घोट घेतला. "का, तुमचं काम अडतंय का? खोडून टाकू प्रश्नचिन्ह?"

त्याने खिशातलं पेन काढलंसुद्धा.

'खोडा' म्हटलं की झालं. कोण विचारणार होतं? त्यांच्या डोळ्यांपुढे इस्त्रीचा शर्ट आला. मग त्या शर्टामागे बसलेली पोरं आली, मांडीवर दप्तरं घेऊन कलकलाट करणारी. मेला तो नियम, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. इथे आलेच कशाला, असंही वाटलं.

"तुम्हाला खात्री असेल तेवढंच ठेवा, सर."

"खात्री फिटचीच आहे."

"मग राहू दे."

डॉक्टर थांबला. "तुमच्या ओळखीतला आहे का?"

"धाकटा भाऊ."

त्याने पेन परत खिशात ठेवलं आणि डब्याचं झाकण लावलं.

बाकाशी येऊन त्यांनी भावाला सगळं सांगितलं, काही न लपवता.

"त्यांनी खोडू का म्हणून विचारलं?"

"हो."

"आणि तू नको म्हणालीस."

"हो रे."

"बाहेरचं कोणी असतं तरी हेच केलं असतंस?"

"हेच केलं असतं. पण इतकं जड गेलं नसतं."

तो उठला, शर्ट नीट खोचला. "चल. रजा टाक आणि घरी चल माझ्याबरोबर. बायकोला सांगायचंय, आणि मला एकट्याला ते जमायचं नाही."

स्टॉपवर बस आली. दोघं ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसले. प्रत्येक स्टॉप जवळ आला की पुढच्या ड्रायव्हरच्या आधी भावाचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर हळूच दाबला जाई, आणि गाडी थांबली की उचलला जाई. नियमबाईंनी ते पाहिलं आणि पर्स छातीशी धरून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.