साक्षीकाच

तिने काच दिव्याखाली तिरकी धरली आणि तिसऱ्यांदा फिरवून पाहिली. बोटभर लांबीचा साधा तुकडा. डाग नाही, धुरकटपणा नाही, धुळीचा कण नाही. सोबतच्या अहवालात एकच ओळ होती: थर मोजता येण्याच्या मर्यादेखाली.

"लख्ख!" साहेब दारातूनच म्हणाले. "चार महिने खोलीत राहून एवढी स्वच्छ निघालेली काच मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. सही करा आणि मोकळ्या व्हा. गुरुवारी पेटी निघतेय."

"मीही पाहिली नाही, सर."

साहेबांना ती स्वतःची पाठ थोपटून घेतेय असं वाटलं. ते हसत पुढे गेले.

त्या पेटीत तिची अकरा वर्षं होती. आत जे यंत्र होतं, त्याने दुसऱ्या एका ग्रहाभोवती फिरायचं, त्याच्या हवेतून आलेला उजेड फोडून रंग वेगळे करायचे आणि त्यावरून त्या हवेत कोणकोणते वायू आहेत ते सांगायचं. काम सांगायला सोपं होतं. पण यंत्र एकदा गेलं की त्याच्या आरशावर फडकं मारायला कुणी जाऊ शकत नाही. आरशावर तेलकट वाफेचा पातळसा थर बसलेला असला, तर यंत्र त्या थरालाच ग्रहाची हवा समजणार आणि कोट्यवधी कोसांवरून छातीठोकपणे खोटं बोलणार. म्हणून जोडणीच्या खोलीत यंत्राला खेटून एक काच ठेवतात. यंत्रावर जे बसतं ते काचेवरही बसतं, मग यंत्र न उघडता नुसती काच तपासली की झालं. सगळे तिला साक्षीकाच म्हणत. काचेला हात लावायचा नाही, हा त्या खोलीचा पहिला नियम.

घोडं कुठे पेंड खातंय ते तिला अहवालाच्या दुसऱ्या पानावर सापडलं. शेजारची खोली चार महिने कुलूपबंद होती. तिथेही नियमाप्रमाणे एक काच होती आणि तिच्यावर थर सापडला होता. थोडाच, पण होता. म्हणजे दहा माणसं रोज राबत होती ती खोली रिकाम्या खोलीपेक्षा स्वच्छ. हे कसं शक्य आहे? काच कुणीतरी पुसली होती.

आणि त्या खोलीत यंत्राचे आरसे, भिंगं पुसायचा अधिकार एकाच माणसाला होता. चाळीस वर्षं आरसे घासून निवृत्त झालेला, आणि तसा हात दुसऱ्या कुणाचाच नाही म्हणून या कामासाठी परत बोलावलेला मास्तर. मास्तर म्हणजे तिचे वडील. फाटकाच्या आत ते तिला मॅडम म्हणत, अहोजाहो करत, आणि ती त्यांना मास्तर म्हणे. संध्याकाळी गाडीत बसलं की त्यांचं पहिलं वाक्य असे, "पट्टा लाव गं आधी."

तिने सही केली नाही. डोकं दुखतंय म्हणून चारलाच बाहेर पडली आणि थेट आईवडिलांच्या घरी गेली.

दार आईने उघडलं. हातात पिशवी होती, ती औषधं आणायला निघाली होती.

"बरं झालं आलीस. जरा समजाव यांना. काम संपल्यापासून नुसत्या खिडक्या पुसतायत. काल काच नाहीच असं समजून कबुतर येऊन आपटलं बिचारं. जित्याची खोड!"

बाबा टेबलाशी बसले होते. समोर चार पेले. त्यांनी एक उचलला, उजेडाकडे धरला, पुसला, ठेवला. मग दुसरा. मग पुन्हा तो पहिलाच. गेल्या महिन्यात ते किल्ली दारालाच विसरले होते. त्याच्या आधी एकदा चष्मा. एकाहत्तर वर्षांचं डोकं, तिला वाटलं, आणि चाळीस वर्षांची सवय. खोलीत फिरता फिरता समोर काच दिसली आणि हात आपोआप गेला असणार.

खरं लिहिलं तर मास्तरांचं चाळीस वर्षांचं नाव एका ओळीत मातीत जाणार होतं. सही केली तर यंत्र आरशावर काय घेऊन चाललंय हे कुणालाच कळणार नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. येताना वाटभर ती त्यांना सांभाळून घेणारी वाक्यं जुळवत आली होती.

"बाबा, हल्ली विसरायला होतं का हो तुम्हाला?"

"काय विसरायला?"

"काहीही. म्हणजे एखादी वस्तू पुसायची नसते आणि सवयीने हात जातो, असं."

फडकं पेल्यातच थांबलं.

"काचेचा रिपोर्ट आला वाटतं."

"आला. फारच स्वच्छ आला."

लगेच ती घाईघाईने पुढे म्हणाली, "तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही. मी सांगते ना सरांना. वय झालंय, चुकून झालं..."

"वय झालंय," ते म्हणाले. "पण चुकून नाही झालं."

त्यांनी पेला खाली ठेवला.

"दर बुधवारी पुसली. सतरा बुधवार."



"का?"

"पहिल्याच बुधवारी तिरक्या उजेडात झाक दिसली. नवख्याला दिसली नसती. कुठून येतेय ते शोधायला मला फार वेळ लागला नाही. आरसा ज्या ग्लूने बैठकीला चिकटवलाय ना, त्याचीच वाफ आहे ती."

ग्लू. तिने खुर्ची ओढली आणि बसली. तो ग्लू हवा काढून टाकलेल्या भट्टीत तीन दिवस भाजायचा असतो, म्हणजे त्यातली सगळी वाफ आधीच निघून जाते. काम मागे पडलं होतं, म्हणून तिने दीड दिवसावर आणलं. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "कच्चं राहिलं की पुढे घाम सोडतं, मॅडम." आणि ती म्हणाली होती, "मास्तर, आकडे काही घामाबिमाचं बोलत नाहीत." सगळे हसले होते. मास्तरही.

"भट्टीच्या कागदावर एकच सही आहे," बाबा म्हणाले.

सही तिची होती. तासभर ती ज्यांना वाचवायला धडपडत होती, ते चार महिने तिलाच वाचवत बसले होते. तिला भयंकर लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

"मला सांगायचं नाही? चार महिने? आरसा तसाच जाऊ देणार होतात?"

"रोज वाटायचं, उद्या सांगू. मग वाटायचं, ग्लू वाळतोय, पुढच्या बुधवारी थांबेल. कमी होत गेलंही. पण थांबलं नाही." ते फडक्याची घडी घालत होते, मोडत होते. "चाळीस वर्षं मी जगाच्या डागांवर बोट ठेवलं. भल्याभल्यांच्या चुका तोंडावर सांगितल्या. पोरीची वेळ आली आणि जीभच उचलेना."

"बाबा, काच नुसती तशीच ठेवली असती तरी कळलं असतं. कदाचित चालण्याइतकाच थर असेल. कदाचित काही बिघडलंही नसेल. आता कसं कळणार? यंत्र उघडायचं तर सहा आठवडे. तोवर उड्डाणाची वेळ टळणार, आणि तो ग्रह पुन्हा तशा जागी यायला दोन वर्षं." तिचा आवाज चढला. "साक्षच पुसून टाकलीत तुम्ही!"

ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. आतल्या खोलीत कपाटाचं दार वाजलं. बाहेर आले तेव्हा हातात पत्र्याचा डबा होता. त्यांनी तो पेल्यांच्या मधोमध ठेवला आणि झाकण काढलं.

आत फॉइलच्या लहान लहान घड्या होत्या, एकीला एक लावून उभ्या केलेल्या. प्रत्येक घडीवर चिठ्ठी. त्यांच्या बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात तारीख, वेळ, आणि काच शेवटची पुसल्याला किती दिवस झाले तो आकडा. तिने मोजल्या. अठरा निघाल्या. शेवटच्या चिठ्ठीवर तारखेखाली लिहिलं होतं: कोरं फडकं, न वापरलेलं, तुलनेसाठी.

"पुसलं," ते म्हणाले. "टाकलं नाही. प्रत्येक वेळी नवं फडकं घेतलं."

ती चिठ्ठ्या वाचत राहिली. एका आठवड्यात किती बसलं, चार महिन्यांत किती, सगळं त्या डब्यात होतं. काचेने सांगितलं असतं त्याहून जास्तच. प्रयोगशाळेत दिलं तर दोन दिवसांत उत्तर येईल, यंत्र जाऊ शकतं की नाही त्याचं. आणि उत्तर काहीही आलं तरी फडकी कुठून आली आणि झाक कशाने पडली, हे लिहावंच लागेल.

"हे दिलं की दोघांचंही आटोपलं," ती म्हणाली.

"हो."

"गुरुवारही हातचा जाईल."

"जाईल कदाचित."

जिन्यात आईची पावलं वाजली. तिने पहिल्या तारखेची घडी घ्यायला हात पुढे केला, तर बाबांनी चटकन डब्यावर तळवा ठेवला. तिला वाटलं, त्यांचा विचार बदलला. तिने मान वर करून पाहिलं. ते तिच्याकडे बघतच नव्हते. दुसऱ्या हाताने त्यांनी टेबलाचा खण उघडला, एक सीलबंद पाकीट काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

"आधी हातमोजे घाला, मॅडम," ते म्हणाले.