खोकल्यावर चालणारा ठसा

मी एक जुना पितळी ठसा आहे. लाकडी मूठ आणि पुढे बोटाच्या पेराएवढं वेलीचं पान, एवढाच माझा पसारा. चामडी पुस्तकांवरची सोनेरी वेलबुट्टी तुम्ही पाहिली असेल, मित्रांनो. ती आम्ही ठसे उमटवतो आणि कौतुक सोन्याचं होतं!

माझा बाइंडर चामड्यावर अंड्यातला पांढरा बलक लावी, वर सोन्याचा वर्ख ठेवी. मला शेगडीवर तापवून आधी ओल्या स्पंजला टेकवी. मी मोठ्याने चरचरलो, की थांबायचं. आवाज बारीक झाला, की वर्खावर दाबायचं. सगळी भिस्त कानावर. "माझा कान चुकायचा नाही," असं तो साऱ्यांना सांगे.

पुढे तो बारीक आवाज त्याला ऐकू येईना. शेजारी पुस्तकं शिवणाऱ्या बायकोने ते ओळखलं. ती नेमक्या वेळी खोकू लागली. तोही त्या खोकल्याची वाट पाहू लागला. दोघंही त्याविषयी चकार शब्द काढत नसत. उलट तो तिच्यासाठी खोकल्याचं औषध आणी आणि ती ते गुपचूप कुंडीत ओती.

एकदा एका शिक्षिकेने वडिलांची पत्रं बांधायला दिली. दुसऱ्या दिवशी ती न्यायला येणार होती. मुखपृष्ठावरच्या वेलीचं शेवटचं पान उमटवायचं उरलं होतं. मी अजून चरचरतच होतो, तेवढ्यात बायको खोकली. त्याने मला दाबलं. चामडं काळं ठिक्कर पडलं. मला फार वाईट वाटलं.

"अगं, लवकर खोकलीस!"

"अहो, खराच खोकला आला!"

त्याने मला बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "मला नीट ऐकू येत नाही गं."

"ठाऊक आहे. आणा तो लाल तुकडा."

जळलेला भाग कापून त्याने तिथे लाल चामडं बसवलं. मला पुन्हा तापवलं. या वेळी ती खोकली नाही. मोठ्याने म्हणाली, "आता!"

पान लख्ख उमटलं.

"एवढंच लाल का?" शिक्षिकेने विचारलं.

"जळलं होतं माझ्याकडून. मला नीट ऐकू येत नाही. हिने ऐकलं, मी दाबलं."

शिक्षिका त्या पानावरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली.

मित्रांनो, आता मी डब्यात असतो. कधी हाती लागलो, तर माझं तोंड पुसून ठेवा. आणि एखादी गोष्ट जमेनाशी झाली, तर शेजारच्याला वेळेवर सांगा. बहुतेक वेळा त्याला ती आधीच ठाऊक असते.