पंखा बंद असेपर्यंत

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात रोज दुपारी बाराला लाईट जायची आणि तीनला यायची. या तीन तासांत अख्खी अजनी वस्ती वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडायची. एकट्या मनोहररावांच्या घरी मात्र त्या वेळी लगीनघाई उडायची. पंखा मंदावला, त्याची तीन पाती वेगवेगळी दिसू लागली, की पिंजऱ्यातला फौजदार दाराशी येऊन कडीला चोच मारू लागे.

फौजदार म्हणजे त्यांचा पोपट. दारात कुणी आलं की "कोन हाय?" असं दरडावायचा, म्हणून प्रयागबाईंनी त्याचं हे नाव ठेवलेलं. प्रयागबाई मनोहररावांच्या बायको. आणि मनोहरराव हे पस्तीस वर्षं तहसील कचेरीत कारकुनी करून घरी बसलेले गृहस्थ. यादी केल्याशिवाय त्यांना भाजीसुद्धा आणता येत नसे. फौजदाराला घरात मोकळं सोडण्याआधी काय काय करायचं, याचीही यादी त्यांनी भिंतीला डकवली होती. आरशावर लुगडं टाकणे, नाहीतर तो आरशालाच मोकळी वाट समजून डोकं आपटतो. पाण्याच्या गुंडावर झाकण. स्टो विझलेला. दाराला आतून कडी. खिडकीच्या वाळ्याच्या ताट्या घट्ट. आणि शेवटचं कलम लाल शाईनं: लाईट नसली तरी पंख्याचं बटण बंद.

पोपटाला उडवण्याचा हा खटाटोप या घरात आधी कुणी केला नव्हता. उलट अकरा वर्षं प्रयागबाई दर दोन-तीन महिन्यांनी कैची घेऊन बसायच्या. मनोहरराव टॉवेलात फौजदाराला धरायचे आणि त्या त्याचे पंख बोट-बोटभर कापायच्या.

"त्याले दुखत नाही जी," त्या म्हणायच्या. "आपन नखं कापतो तसंच हाय हे. उडून गेला अन् मांजरीनं धरला, मंग?"

गेल्या भादव्यात त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर दोन महिने त्या नुसत्या आढ्याकडे पाहत पडून होत्या. फौजदाराचे पंख वाढलेले दिसले म्हणून मनोहररावांनी सवयीनं कैची काढली, तेव्हा प्रयागबाईंच्या घशातून असा काही आवाज निघाला की कैची त्यांच्या हातातून गळूनच पडली. मग फार कष्टानं, एकेक अक्षर ओढत त्या म्हणाल्या, "नको." आजारपणानंतरचा तो त्यांचा पहिला शब्द होता. एका जागी पडून राहणं म्हणजे काय, हे त्यांना आता कळलं होतं, आणि ते कळल्याचं दुःख त्यांच्या डोळ्यांत इतकं उघड होतं की मनोहरराव बाहेर ओट्यावर जाऊन रडले.

त्या दिवसापासून कैची ट्रंकेत गेली. कापलेली पिसं झडून नवी यायला हिवाळा उजाडला. पिसं आली म्हणून उडता येतं असं नसतं. अकरा वर्षं न वापरलेली छाती ती, खाटेवरून कपाटापर्यंत जाताना फौजदार अर्ध्यात खाली यायचा आणि चोच उघडी टाकून धापा टाकायचा. मनोहरराव त्याला उचलून पुन्हा खाटेच्या दांडीवर बसवायचे. मग तो कपाटापर्यंत पोचू लागला. मग खोलीची एक फेरी, मग दोन. प्रयागबाई डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकवत फेऱ्या मोजायच्या. एके दुपारी त्यांच्या तोंडून स्पष्ट "तीन" असा शब्द आला. डॉक्टर म्हणाले, "मोजू द्या, याच्यानंच बोलतील." तेव्हापासून पोपटाच्या फेऱ्या आणि बायकोचे शब्द हे मनोहररावांच्या लेखी एकच झालं. फौजदार आठ फेऱ्या मारायचा तेव्हा प्रयागबाईंना आठपर्यंत येत होतं.

पारशिवनीला मनोहररावांचे धाकटे भाऊ रुपराव शेती करत. त्यांच्या बांधावर जांभळाची चार झाडं, आणि जांभळं पिकली की पोपटांचे थवे उतरायचे. फौजदाराला त्या थव्यात सोडायचं आणि ते प्रयागबाईंनी डोळ्यांनी पाहायचं, असं ठरलं. मोकळ्यावर सोडायचं तर त्याला बाहेरची ओळख हवी, म्हणून मनोहरराव रोज सकाळी पिंजरा अंगणात ठेवून शेजारी स्टुलावर बसत. कावळा ओरडला की आधी फौजदार दचकायचा, पुढे पुढे तोच कावळ्याला "कोन हाय?" विचारू लागला. रुपरावांनी कार्डावर लिहिलं होतं, "दादा, एका दमात पंधरा फेऱ्या मारत असन तरच आन. कमी दमाचं पाखरू थव्याच्या मागं राह्यते अन् शिकरा उचलून नेते. येत्या रविवारी जीप घेऊन येतो. वैनीले मागं गादी टाकून नेऊ."

ते कार्ड प्रयागबाईंच्या उशाखाली असायचं. फौजदाराला सुटताना पाहायचं, याखेरीज आठ महिन्यांत त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं.

अडचण पंख्याची होती. हिवाळ्यात तो बंदच असे. चैत्र लागला आणि पंखा दिवसरात्र गरगरू लागला. पडून पडून प्रयागबाईंच्या पाठीला जखमा झालेल्या, घाम आला की त्या चिघळत. डॉक्टरांनी बजावलं होतं, पंखा थांबवायचा नाही. पंखा चालू असताना फौजदाराला सोडायचं म्हणजे त्याचा जीव घ्यायचा. तेवढ्यात हे लाईट जाणं सुरू झालं, आणि मनोहररावांना वाटलं, देवालाच आपली दया आली. ते एका हातानं बायकोला पुठ्ठ्याचा वारा घालायचे आणि दुसऱ्या हातानं फौजदाराला हाकारायचे. दहा झाल्या, बारा झाल्या. बुधवारी, उन्हाळ्याच्या सगळ्यांत कडक नऊ दिवसांत, ऐन नवतप्यात, फौजदारानं चौदा फेऱ्या मारल्या आणि प्रयागबाई डोळे मोठे करून म्हणाल्या, "चौदा!"

त्याच बुधवारी मनोहरराव चुकले. अडीचला त्यांनी फौजदाराला आत घातलं, आणि चौदाच्या आनंदात पंख्याचं बटण सुरू करायचं विसरले. तीन वाजले, साडेतीन वाजले, आणि हा मनुष्य पुठ्ठा हलवत लाईट अजून कशी येत नाही म्हणून वाट पाहत बसला. चार वाजता शेजारच्या शोभाताई विरजण मागायला आल्या. शाळेत मास्तरीण होत्या, बोलताना त्या मागंपुढं पाहत नसत.

"काकाजी, लाईट येऊन घंटा झाला! काकू घामानं निथळून राह्यल्या अन् तुमी बटण बंद करून बसले? काहून?"

"फौजदाराले सोडलं होतं ना..."

"मानूस मोठं का पोपट मोठा, काकाजी?"

त्यांनी प्रयागबाईंना कुशीवर वळवलं तेव्हा चादरीला पाठीची साल चिकटून आली. प्रयागबाई हूं की चूं करत नव्हत्या, हे तर फारच वाईट. मनोहररावांनी उठून पंख्याचं बटण सुरू केलं. आयुष्यात साहेबाचंसुद्धा इतकं त्यांनी मनाला लावून घेतलं नव्हतं. त्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही, घटका-घटकेला उठून ते मलम लावत होते.

गुरुवारी बाराला लाईट गेली. त्यांनी आरशावर लुगडं टाकलं, गुंड झाकला, कडी लावली, ताट्या पाहिल्या. मग पंख्याच्या बटणापाशी आले आणि थांबले. मागं वळून प्रयागबाईंच्या पाठीखालच्या चादरीकडे पाहिलं. बटण सुरूच राहू द्यावं, म्हणजे लाईट आल्या क्षणी तिला वारा लागेल. लाईट काही तीनच्या आधी येत नाही, महिनाभरात एकदाही आली नव्हती. अडीचला फौजदार आत जाईल. मग भीती कशाची? असा सगळा हिशेब करून त्यांनी लाल शाईचं कलम सोडून दिलं.

फौजदार आज रंगात होता. मध्ये मध्ये बसत, पाणी पीत, पुन्हा उडत त्यानं दीड वाजवला. मनोहरराव खाटेशेजारी चटईवर बसून पुठ्ठा हलवत होते. रात्रीचं जागरण, त्यात पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्रीचा उकाडा. वरून प्रयागबाईंचं मोजणं ऐकू येत होतं, सहा, सात, आठ. त्या आवाजाइतकं गोड त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. पुठ्ठा हातातून निसटला आणि भिंतीला टेकल्या टेकल्या त्यांचा डोळा लागला.

मग त्यांच्या तोंडावर वारा आला. गार, भरपूर वारा. झोपेतच त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी पाय लांब केले. गल्लीतून पोरांचा ओरडा आला, "आली, आली!" प्रयागबाईही काहीतरी ओरडत होत्या. त्यात शब्द नव्हता, नुसता आवाज होता. मनोहरराव डोळे मिटूनच म्हणाले, "आली वं, आली लाईट. बरं झालं."

प्रयागबाईंनी डाव्या हातानं तिपाईवरचा पितळी पेला ढकलला. तो आपटला त्याच वेळी वर दुसरा एक आवाज झाला, फार मोठा नाही. मनोहरराव उठले तेव्हा पंखा पूर्ण वेगात होता आणि खोलीभर हिरवी पिसं गरगर फिरत होती. ती खाली बसायलाच तयार नव्हती. बटणापर्यंतची चार पावलं त्यांनी कशी टाकली, हे त्यांना पुढे कधी आठवलं नाही. बटण बंद करताना त्यांची नजर शेजारच्या बटणावर गेली. ते दिव्याचं होतं. दिव्याचं सुरू आणि पंख्याचं बंद ठेवलं असतं तर लाईट आलेली कळली असती, प्रयागला वाराही मिळाला असता, आणि पाखरूही वाचलं असतं. पस्तीस वर्षं कागद हाकलेल्या माणसाला एवढं सुचू नये!

फौजदार मेला नाही. कपाटाखाली सापडला. मनोहररावांनी शोभाताईंना घरी बसवलं, त्याला टॉवेलात धरलं, अकरा वर्षं धरायचे तसंच, आणि सायकलरिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डावा पंख मुळापासून काढून टाकला आणि वर समाधानानं सांगितलं, "जगेल हो. पोपट लई जगतात. अजून पंधरा-वीस वर्षं कुठं जात नाही हा."

रविवारी ठरल्याप्रमाणे रुपराव जीप घेऊन आले. मागं गादी घातलेली, वर पांढरी चादर, उन्हासाठी ताडपत्री. "चाला वैनी," म्हणत ते हसत आत आले आणि पिंजऱ्याकडे पाहून खाटेशेजारी टेकले. पुढं केलेलं पाणीसुद्धा त्यांनी घेतलं नाही.

"वैनीले तरी नेऊ का दादा? हवापालट होईन."

प्रयागबाईंनी ऐकलं, पण मानसुद्धा हलवली नाही. गुरुवारपासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. जात्याच तुसड्या बाईनं अबोला धरावा तसं ते नव्हतं. तसं असतं तर मनोहररावांनी पाय धरले असते. प्रयागबाईंचे शब्दच गेले होते. रुपरावांनी गादीसकट जीप परत नेली.

फौजदार खायला लागला, दांडीवर तोल सावरायला शिकला. "कोन हाय?" मात्र कुणाला विचारेना. दहा दिवसांनी डॉक्टरांनी पट्टी काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला नेहमीसारखी लाईट गेली. पंखा मंदावला, तीन पाती वेगवेगळी दिसू लागली, आणि फौजदार दाराशी येऊन कडीला चोच मारू लागला.

पंखा थांबला की उडायचं, हे मनोहररावांनीच त्याला शिकवलं होतं, आणि आता ते विसरायला लावायची यादी त्यांच्याजवळ नव्हती. त्यांनी पिंजरा भिंतीकडे फिरवला. फौजदारानं फिरून पुन्हा दार गाठलं. त्यांनी वर फडकं टाकलं. आतून चोचीचा आवाज येतच राहिला.

"सोडा," प्रयागबाई म्हणाल्या.

मनोहररावांनी दचकून पाहिलं. प्रयागबाईंनी डावा हात छातीवर घेतला होता आणि अंगठा पहिल्या पेरावर ठेवला होता. मनोहररावांनी पंख्याचं बटण बंद केलं, दिव्याचं सुरू केलं, आरशावर लुगडं टाकलं. मग फडकं काढून दार उघडलं आणि खाली दोन्ही तळवे धरून उभे राहिले.

फौजदार उंबऱ्यावर आला, वाकला, असलेला पंख त्यानं पूर्ण पसरला आणि उडी घेतली. तो सरळ त्यांच्या तळव्यांत पडला. त्यांनी त्याला वर ठेवलं. त्यानं पुन्हा उडी घेतली. पुन्हा पडला.

प्रयागबाईंचा अंगठा पहिल्या पेरावरून हललाच नाही. थोड्या वेळानं त्यांनी हात खाली ठेवला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

मनोहरराव तसेच तळवे धरून उभे होते. तीनला अजून खूप वेळ होता, आणि फौजदार थकायला तयार नव्हता.